जया झोपलीये तोवर

या पानावरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला हसायलाच वाचायचो. तलासरीत एका डॉक्टरांकडे सहा वर्षं कंपाउंडर म्हणून काम केल्यावर माणसाचा असल्या गोष्टींवर विश्वास राहत नाही. अंगात आलंय म्हणून चौघांनी धरून आणलेली बाई अर्धी सलाईन गेली की उठून बसते आणि चहा मागते, हे मी कितीदा पाहिलंय. घरी आई काही बोलायला लागली की मी म्हणायचो, "आई, ताप मोजलास का आधी?"

तर असा मी. आणि हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी घडलं. त्यात माझा हात आहे म्हणून लिहितोय. नुसता पाहणारा असतो तर लिहिलं नसतं.

आमचा पाडा तलासरीहून चारोटीकडे येताना हायवे सोडून तीन-साडेतीन किलोमीटर आत आहे. नाव देत नाही. सतरा घरं. बहुतेक कुडाची – म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेण-मातीचा लेप, वरती कौलं. दोन-तीन घरंच विटांची. त्यातलं एक आमच्या शेजारच्या रमणकाकांचं. काका आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील गेल्यावर आम्हाला त्यांचाच आधार. काकी तर जयाला लहानपणी स्वतःच्या हाताने भरवायची. त्यांनी सतरा साली विटांचं घर बांधलं तेव्हा अख्ख्या पाड्याने पायऱ्यांवर बसून जेवण केलं होतं.

जया म्हणजे माझी बहीण जयश्री. माझ्याहून सात वर्षांनी लहान. अठरा-एकोणीस साली ती डहाणूच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या पाड्यावरून इथवर पोचलेली पहिलीच मुलगी. पहाटे पावणेपाचला उठायची, अंधारात हायवेपर्यंत चालत, तिथून जीपने चारोटी, मग एसटीने डहाणू. परत यायला दीड-दोन वाजायचे.

अठरा सालच्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. पेपरात, टीव्हीवर तुम्ही वाचलं-पाहिलं असेल. पण टीव्हीवर तो आवाज येत नाही. आधी खालून दणका येतो – दूर खाणीत सुरुंग उडवल्यासारखा – आणि मग भांडी वाजतात. कधी दिवसात एकदा, कधी पाच-सहादा. मधेच आठ दिवस काही नाही. माणसाला वाटतं, संपलं. आणि मग पुन्हा.

आम्ही सगळे खळ्यावर ताडपत्री बांधून झोपायला लागलो. खाली पेंढा, वर दव. डिसेंबरची थंडी. झोप कसली लागतेय! कुत्रं भुंकलं तरी सगळे उठून बसायचे. आम्ही कामाची माणसं, दिवसा कुठेतरी पाठ टेकायचो. जयाचे मात्र हाल. रात्री झोप नाही, पहाटे कॉलेज, दुपारी घरी येऊन पुन्हा पुस्तकं. एक दिवस प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डोळा लागला आणि हातावर ॲसिड सांडलं. थोडक्यात निभावलं. तिची मैत्रीण पल्लवी, वाणगावची, तिने मला फोन केला. म्हणाली, "दादा, हिला झोपेचं बघा काहीतरी. ही बसमध्ये उभी राहून झोपते, एक दिवस दारातून खाली पडेल."

मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, कमी औषधं देणारे. त्यांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "औषध नाही देणार. वय काय तुझं, वीस? दुपारी घरी आलीस की जेव आणि वीस-पंचवीस मिनिटं आडवी हो. रोज त्याच वेळी, त्याच जागी. तीनच्या आत उठायचं. त्याच्यापुढे झोपलीस की डोकं जड होणार, आणि रात्रीची उरलीसुरली झोप पण जाणार. चारनंतर चहा बंद. उशाशी मोबाइल नको. आणि जागून वाचू नकोस, वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेतच."

जया हसली. "डॉक्टर, रात्री जमीनच झोपू देत नाही."

"म्हणून तर दुपारची सांगतोय," ते म्हणाले.

मी हे सगळं एका कागदावर लिहून पडवीच्या खांबाला चिकटवलं. पडवीतच बाज टाकून दिली. घर कुडाचं, पडवी अंगणाकडे उघडी, काही झालंच तर दोन पावलांत बाहेर. जयाने घड्याळात वीस मिनिटांचा अलार्म लावला आणि दुसऱ्या दिवसापासून झोपायला लागली. तिला लगेच गुण आला. चेहरा उजळला. आई म्हणायची, "डॉक्टर देवमाणूस."

चौथा की पाचवा दिवस असेल. माझी दुपारची सुट्टी दीड ते पाच, मी घरी होतो. जया झोपून दहा मिनिटं झाली असतील, ती एकदम उठून बसली.

"दादा, काय रे?"

"काय काय?"

"माझा अंगठा का ओढलास?"

मी अंगणात होतो, तिच्यापासून पंधरा फुटांवर. आई मागे भांडी घासत होती. मी म्हटलं, "स्वप्न पडलं असेल. झोप, अजून दहा मिनिटं आहेत." ती पुटपुटत आडवी झाली, पण डोळा लागेना म्हणून उठून अंगणात आली. बोलतच होतो… आणि खालून दणका आला. तीन कौलं खाली आली. एक बाजेवर, उशाच्या जागी.

योगायोग. मी तरी तेच म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. जया उठली, पायाचा अंगठा चोळत बाहेर आली, आणि पाच-सात मिनिटांत हादरा. त्यानंतर परत. मग मी तिला नीट विचारलं. ती म्हणाली, "कोणीतरी उजव्या पायाचा अंगठा धरून हलवतं रे. आई लहानपणी शाळेसाठी उठवायची ना, तसं. पण आईचा हात नाही. हात गार आहे. आणि बांगड्या वाजतात, काचेच्या. पुष्कळ आहेत."

"दिसतं कोणी?"

"डोळे उघडले की कोणी नसतं."

"भीती वाटते?"

तिने विचार केला. "नाही. ती घाईत असते, एवढं कळतं."

मी डॉक्टरांशी बोललो. त्यांनी सांगितलं, मोठ्या हादऱ्याआधी बारीक कंप येत असतील, आपल्याला जागेपणी कळत नसतील, झोपेत शरीराला कळत असतील. जनावरांना कळतं म्हणतातच ना. मला पटलं. मी एका वहीत लिहूनसुद्धा ठेवायला लागलो – कधी झोपली, कधी उठली, हादरा कधी. वाटायचं, दोन-चारदा चुकेल आणि विषय संपेल. दुपारी हादरे काही रोज नसायचे. जेव्हा नसायचे तेव्हा जया अलार्म होईपर्यंत गाढ झोपायची. जेव्हा असायचे तेव्हा ती आधी उठायची. एकदाही चुकलं नाही.

मग जानेवारीतली ती गोष्ट झाली, आणि माझं लॉजिक तिथे संपलं.

त्या दिवशी जयाचं प्रॅक्टिकल उशिरापर्यंत होतं. दुपारी कॉलेजातच, मुलींच्या खोलीत ती बाकावर आडवी झाली. पल्लवी शेजारी डबा खात होती. जया ताडकन उठली आणि तिने सरळ आईला फोन लावला. "आई, बाहेर हो. काकीला पण बोलाव. आत्ता." आई चुलीवरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली, ओरडून काकीला काढलं. मनीषाही बाहेर आली. मनीषा म्हणजे काकांची सून, तिचे दिवस भरत आले होते. आणि हादरा बसला. काकांच्या घराला कोपऱ्यातून वर जाणारी फट पडली ती त्याच दिवशी.

डहाणूत त्या दिवशी कोणाला काही कळलंसुद्धा नाही. मी नंतर पल्लवीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "दादा, माझ्या डब्यातली डाळसुद्धा हलली नाही." कॉलेजपासून आमचा पाडा तीस किलोमीटरवर. तिथल्या बाकावर झोपलेल्या मुलीला आमच्या जमिनीचे बारीक कंप कसे कळणार?

हे ऐकून डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

आईने अर्थातच ही गोष्ट पोटात ठेवली नाही. मनीषाला वाचवलं म्हणून काकीने जयाची दृष्ट काढली. दोन दिवसांत सगळ्या पाड्याला कळलं. आधी छान वाटलं. कोणी पपई आणून द्यायचं, कोणी सुकी मासळी. मग दुपारी दोनच्या सुमाराला बायका आमच्या अंगणात येऊन बसायला लागल्या. एक-दोन होत्या त्या पंधरा-वीस झाल्या. आणि एक पद्धतच पडून गेली. जया गाढ झोपली की बायका पटापट आपापल्या घरात शिरायच्या. स्वयंपाक, पोरांच्या आंघोळी, धान्य काढायचं, सगळं त्या वीस मिनिटांत. "जया झोपलीये तोवर आटप गं," अशी हाक या घरातून त्या घरात जायची. एक जण पडवीच्या तोंडाशी राखणीला. जया उठली की राखणीवालीने ओरडायचं.

वीस मिनिटं त्यांना पुरेनात. मग एक दिवस कोणीतरी अलार्म बंद केला. जया पावणेचारला उठली, डोकं धरून. मी चिडलो तर काका म्हणाले, "अरे दिनेश, झोपू दे की पोरीला जरा. तिचंही भलं, आमचंही भलं."

फेब्रुवारीत मनीषाला मुलगी झाली. बाळाला कुठे ठेवायचं हा प्रश्नच होता. ताडपत्रीखाली थंडी, घरात भिंतीची भीती. काकी रोज विचारायची, "जया, झोपशील ना गं आज?" दिवसभर माणसं हेच विचारायची. रस्त्यात, विहिरीवर, जीपमध्ये. कॉलेजला निघाली की म्हाताऱ्या तोंड वाकडं करायच्या. एक म्हातारी तर बोललीच – "शिकून काय करणार, इथे झोपली तर दहा जीव वाचतील."

आणि जयाची झोप गेली.

समजा तुम्ही झोपायला पडलात आणि वीस माणसं श्वास रोखून तुमच्याकडे बघताहेत. येईल झोप? ती डोळे मिटून पडायची. बायकांना वाटायचं झोपली. त्या आत जायच्या. आणि जयाला ठाऊक असायचं की आपण जागे आहोत, म्हणजे आता काही झालं तर आपल्याला कळणार नाही. हे तिने मला एका दुपारी विहिरीपाशी सांगितलं. ओंजळीत पाणी तसंच धरून. "दादा, मी झोपेचं नाटक करते आणि ती माणसं माझ्या भरवशावर आत जातात. मी काय करू? झोप येत नाही म्हणून सांगितलं की त्यांचे चेहरे बघवत नाहीत. आणि पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात."

"सांगतो मी सगळ्यांना, यायचं बंद करा म्हणून."

"काकीला काय सांगशील?"

सांगितलं नाहीच मी कोणाला. मोठा भाऊ म्हणून जे करायला हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते मी केलं नाही. मला वाटलं, परीक्षा होईपर्यंत कसंही रेटू. मग तिला बोईसरला मावशीकडे पाठवू.

एप्रिलमध्ये परीक्षा होती. पहिल्या पेपरला दोन दिवस राहिले होते. जया तीन रात्री आणि तीन दुपारी झोपली नव्हती. डोळे खोल, बोलताना शब्द विसरायची. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली होती, अर्धा पाडा तिकडे गेलेला. आई नवस बोलून आली होती. काका सकाळी दवाखान्यात आले, बाहेर बाकावर बसले. म्हणाले, "दिनेश, आज बाळाला घरात नीट आंघोळ घालायची म्हणतेय तुझी काकी. कालपासून बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय. जयाला जरा झोप लागेल असं बघ ना. तू दवाखान्यातला माणूस आहेस."

मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. कपाटातून झोपेच्या दोन गोळ्या काढल्या आणि खिशात टाकल्या. त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं ते मला आठवतं – हे तिच्यासाठीच आहे, परवा पेपर आहे, झोपली तरच लिहील. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं.

पावणेदोनला तिला ताकाबरोबर दोन्ही दिल्या. "ताकद येण्याची गोळी आहे," म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी दिली म्हणून घेतली.

दोन वाजता ती झोपली. ते नाटक नव्हतं. तोंड किंचित उघडं, हात बाजेखाली लोंबलेला. आई उशाशी बसून विंझणवारा घालत होती. मी पायथ्याशी, पडवीच्या कडेवर. अंगणात सात-आठ बायका. काकीने खूण करून विचारलं, मी मान हलवली. ती हसली आणि पदर खोचत घरात गेली.

अडीच झाले. पावणेतीन झाले. जया हललीसुद्धा नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "आज काही नाही व्हायचं." बायका पांगल्या, आपापल्या घरात शिरल्या.

तीन वाजायला थोडी मिनिटं असतील. जयाचा उजवा पाय हलला. आधी थोडासा. मग पुन्हा. मग एक झटका, इतका की टाच बाजेच्या काथ्यावरून सरकली. मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम, शिरा आखडल्या असतील. आईने माझ्याकडे बघितलं.

"दिनू, पाय का असा करतेय ही?"

"स्वप्नात असेल. झोपू दे तिला," मी म्हटलं.

आईने पायावर गोधडी टाकली. गोधडीखाली पाय हलतच होता. पुढे ओढला जायचा, मागे यायचा. ओढला जायचा, मागे यायचा. जयाचा चेहरा मात्र शांत. मी ते बघत बसलो होतो. मला कळत नव्हतं असं मी लिहू शकत नाही. कुठेतरी कळत होतं. पण मीच तिला गोळी दिली हे ओरडून सांगायला लागलं असतं. म्हणून मी बसून राहिलो. दहा मिनिटं, बारा मिनिटं. मग पाय थांबला. मला हायसं वाटलं.

काकांच्या दारात मनीषा आली, तिच्या हातात न्हाऊमाखू घातलेलं बाळ, टॉवेलात गुंडाळलेलं. तिच्या मागे काकी. अंगणात दोन पावलं आल्यावर काकी म्हणाली, "थांब, खोबरेल राहिलं," आणि वळून आत गेली.

दणका आला.

तो आजवरचा सर्वांत मोठा होता. मी जयाला उचललं आणि अंगणात पळालो. आमची कौलं मागे धडाधड पडत होती. ती माझ्या खांद्यावर झोपलेलीच होती, मान लटकत होती. सगळ्यांनी तिला तशी पाहिली. काकांची फट पडलेली भिंत आतल्या बाजूला गेली, तिच्याबरोबर छप्पर. कुडाचं एकही घर पडलं नाही. आम्ही हातांनी विटा काढल्या. काकी जिवंत होती. गुजरातेत मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी केली, पण हद्द ओलांडायच्या आधीच ती गेली. मी तिची नाडी धरून बसलो होतो, म्हणून मला नक्की कळलं कधी ते.

संध्याकाळी परत आलो तेव्हा जया जागी झाली होती. खळ्यावर एकटी बसलेली. तिला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. ती मला म्हणाली, "दादा, मला कळलंच नाही रे. कसं नाही कळलं?" आणि उठायला गेली तर तिला पाय टेकता येईना.

मी कंदील जवळ आणला. उजव्या पायाचा अंगठा काळानिळा, सुजून दुप्पट झालेला. त्याच्या मुळाशी गोल ठसे होते. वरून एक, खालून तीन-चार. बोटांचे. दवाखान्यात काम करत होतो, मार लागलेली अंगं रोज बघायचो. कोणीतरी घट्ट धरून ओढल्याशिवाय तसं उमटत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. सांधा निखळला होता. डॉक्टर म्हणाले, "एवढा जोर कोणी लावला हिच्यावर?"

कोणीच नाही. आई आणि मी पूर्ण वेळ तिच्याजवळ होतो. तिच्या पायाला आमच्यापैकी कोणाचाही हात लागला नव्हता.

पाड्यातल्या कोणी जयाला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दहाव्याला काकांनी तिला एवढंच विचारलं, "एवढे दिवस उठलीस, त्याच दिवशी का नाही गं?" ती उभीच राहिली. मी तिच्या शेजारी होतो. तोंड उघडलं नाही. मनीषाने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाठ फिरवली. जयाने एकही पेपर दिला नाही. मे महिन्यात ती बोईसरला मावशीकडे गेली, तिथे एका कंपनीत पॅकिंगला लागली. अंगठा वाकडाच राहिला.

दवाखाना मी सोडला. कारण डॉक्टरांना सांगितलं नाही, पण गोळ्यांचा हिशोब त्यांना लागला असावा. त्यांनी थांबवलं नाही.

या दिवाळीत बोईसरला गेलो आणि जयाला सांगितलं. मावशी बाजारात गेली होती. दोन्ही गोळ्या, ताक, काकांचं दवाखान्यात येणं, सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती करंज्या डब्यात भरत होती, भरत राहिली. मग म्हणाली,

"माझा पाय हलत होता?"

"हो."

"किती वेळ?"

"दहा-बारा मिनिटं."

तिचे हात थांबले. "एवढा वेळ ओढत होती…" एवढंच म्हणाली आणि रडली. काकी गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला सांगून काय उपयोग. काकांना सांग."

सांगितलं. काका पडलेल्या भिंतीच्या विटा रचत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गोळी दे असं मी म्हटलं नव्हतं." आणखी एक वीट रचून म्हणाले, "पण झोपव म्हणून मीच आलो होतो." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. मीही अपेक्षा करत नाही.

ती बाई कोण, आमच्यातलीच कोणी जुनी होती की या जमिनीची, जयालाच का निवडलं तिने – कशालाच उत्तर नाही. भूकंपाचं कारण शोधायला शहरातून माणसं येतात, यंत्रं लावून जातात. त्यांना मी माझी हादऱ्यांची वही दाखवू शकत नाही. इथे कोणाला काही सुचत असेल तर लिहा, पण मला आता लॉजिक नको आहे.

जया रोज सात तास झोपते, असं मावशी सांगते. तिला आता कोणी उठवत नाही. पाड्यावर आम्ही अजून ताडपत्रीखाली आहोत. परवासुद्धा जमीन हलली… आधी कोणालाच कळलं नाही.